घरखूण

"आधी पुसणी, मग अंघोळ." हे वाक्य मी या पावसाळ्यात दोनशे बायकांकडून घोकून घेतलं. विसरल्या त्यांना सगळ्यांदेखत झापलं, एकीला तर रडवलं. आणि नियम मोडला कोणी? या विमल मगदूमनं, बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईनं. तेव्हा मला कोणी मोठेपणा देऊ नका. झालं ते सरळ सांगते. मध्ये थांबवू मात्र नका, एकदा थांबले तर पुढचं सांगवणार नाही.

पुसणी हे आमचं नाव. कागदोपत्री त्याला 'घरखूण यंत्र' म्हणतात. फोनपेक्षा थोडं जाड, एका बाजूला काडी खोचायला भोक. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू राहतात, हे तर आता शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. एका छपराखालची माणसं ते एकमेकांना देत-घेत असतात. एकच पाणी, एकच चुलीचा धूर, एकच अंथरूण, दारातली माती. सहा-आठ महिन्यांत प्रत्येक घराचं आपलं असं एक मिश्रण तयार होतं आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगावर तेच सापडतं. यात रक्ताच्या नात्याचा काही संबंध नाही. नवी सून वर्षभरात सासरची होते ती अशी. कापसाची काडी मानेमागं फिरवायची, यंत्रात खोचायची, दोन मिनिटांत आकडा येतो. शंभरात ऐंशीच्या वर गेला की घर जुळलं.

आमच्या शिरोळ तालुक्याला याचं मोल विचारा. कृष्णा चढली की पोरं एका बोटीत, आईबाप दुसऱ्या. तीन वर्षांच्या पोराला गाव विचारलं तर ते 'आमचं घर' म्हणतं. रक्त तपासायचं तर प्रयोगशाळा हवी, वीज हवी, आठवडा हवा. पुसणीनं मी एकटीनं दोन हजार अडतीस सालच्या या पुरात एकशे साठ मुलं घरच्यांच्या हातात दिली.

खोट एकच, खूण टिकत नाही. शिबिरात सगळे एका पिंपातलं पाणी पितात, खेटून झोपतात. तीन-चार दिवसांत अख्खं शिबिर एकाच घरचं व्हायला लागतं. साबण आणि गरम पाणी लागलं तर मोठ्या माणसाची निम्मी खूण जाते, तान्ह्या बाळाची जवळजवळ सगळीच. आणि रिकाम्या झालेल्या कातडीवर बाळाला जो छातीशी धरील त्याची खूण बसते. आम्हा कर्मचाऱ्यांची खूण यंत्र वजा करतं, त्यासाठी आमची पुसणी पहिल्याच दिवशी घेतलेली असते. बाकीच्यांची कशी वजा करणार?

मंगळवारी दुपारी तीन वाजता, आमचं शिबिर होतं त्या हायस्कुलाच्या पायरीला बोट लागली. तीन गावांची माणसं होती. जवानानं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "एका म्हाताऱ्यानं काहिलीतनं आणून बोटीत दिली, आणि लगेच माघारी वळला. कुणाची, विचारायला वेळच नव्हता." आमच्याकडं होडी नसली की गुऱ्हाळावरची गूळ शिजवायची काहील पाण्यात सोडतात. त्यात बसून आलेली दहा महिन्यांची पोरगी. ओठ निळे, अंगभर चिखल, डिझेलचा वास, आणि रडत नव्हती. न रडणारं पोर मी बत्तीस वर्षांत तीनदा बघितलंय. त्यातली दोन गेली.

हात माझे ऐकेनात हो. चहाचं आधण उतरवलं, घंगाळात पाणी सारखं केलं, साबण लावला, न्हाऊ घातलं, टाळूवर तेल थापलं. ती एकदाची टाहो फोडून रडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. माझ्याच वाकळेत गुंडाळली आणि त्रिशलाच्या हातात दिली. "धर. छातीशी घट्ट धर, खाली ठेवू नकोस."

त्रिशला माझी लेक. इचलकरंजीला दिलीय. माहेरी आली आणि पुरात माझ्याबरोबर शिबिरात अडकली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, देव झाले. सासूनं बोलणं सोडलं, नवऱ्यानं, भरतेशनं, तो विषयच सोडला. ती पोरगी हातात घेतल्यावर तिचा चेहरा मी बघितला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चूक तासाभरात लक्षात आली. यंत्र हातात होतं, समोर सव्वाशे माणसांची रांग, आणि एकदम आठवलं. पुसणी राहिली! तेव्हाच शिबिराच्या साळोखे साहेबांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं कुठल्या तोंडानं? जिला रडवली ती बाई चार पावलांवर भात वाढत होती. म्हटलं उद्या बघू, थोडी तरी खूण उरली असेल. माणूस स्वतःची समजूत किती झटपट घालतो बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काडी फिरवली. आकडा आला एक्क्याण्णव. घर : त्रिशला भरतेश चौगुले.

साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. शिबिराचे प्रमुख, पण नवीनच बदलून आलेले. आमच्या घरचं त्यांना काय ठाऊक? "मगदूम मावशी, ही तुमच्या लेकीचीच की! मग बेवारस म्हणून कशी नोंदवली?"

आत्ता बोल विमल, आत्ता बोल, असं मन सांगत होतं. तोंडातनं आलं, "घाईत झालं असंल, साहेब."

त्यांनी हसत सही केली. सही झाली की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तिचा फोटो सगळ्या शिबिरांच्या हरवलेल्या मुलांच्या यादीतून निघाला. आता तिची आई जिवंत असली आणि यादी चाळत बसली असली, तरी तिला तिची लेक दिसणार नव्हती.

"आई, यंत्र खोटं सांगत नाही, असं तूच म्हणतेस ना?" संध्याकाळी त्रिशला म्हणाली. मांडीवर पोरगी, वाटीत मऊ भात. तिनं तिचं नावसुद्धा ठेवलं होतं, आर्या.

"त्रिशा, अंघोळ मी घातली. तुझ्यासमोर घातली."

"मग? आपण काय चोरून आणली का हिला? आली ती. तिचं कोण असतं तर एव्हाना आलं नसतं?"

"यादीत फोटो नाही, कसं येणार कोण?"

तिनं वाटीतला भात कुस्करला. मग भाताचं बोट पोरीच्या तोंडात घालत म्हणाली, "अकरा वर्षं, आई. एवढं एकदा गप्प बस माझ्यासाठी. तुला काय जड आहे?"

जड होतं. माझं कशात लक्ष लागेना. काड्या उलट्या खोचल्या, एका आजोबांची पुसणी दोनदा घेतली. स्वयंपाकाची आक्काताई परात घासत म्हणाली, "विमल, तुझी लेक बाळंत कधी झाली गं? आमाला बारशाचं बोलावणं न्हाई ते." मी खेकसले, "तू तुझ्या भाकरी बघ." ती नुसती हसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. कोणी दोघी बोलत उभ्या दिसल्या की वाटायचं, माझंच चाललंय. इकडं पोरगी त्रिशलाच्या खांद्यावर झोपायची, लाळ गाळायची, तिचं मंगळसूत्र चोखायची. आणि माझ्या लेकीला हसताना बघायला मिळत होतं. सांगा, अशा वेळी आईनं काय करावं?

गुरुवारी सकाळी लंगोट बदलायला त्रिशलानं तिला माझ्याकडं दिलं. कमरेला करदोडा होता. काळा, पाच पदरी, पिळून पिळून घट्ट केलेला. अंघोळ घालताना तो कोण काढतो? मी पण नव्हता काढला. वरनं धुतला गेला असणार. पण पिळाच्या आत? दहा महिन्यांचं तेल, घाम, धूर, घरातली धूळ, सगळं आत मुरलेलं असणार. पीळ नखानं उकलला, काडी आत घातली.

एकही माणूस जुळलं नाही. आमच्या शिबिरातलं नाही, जिल्ह्यातल्या बाकीच्या सोळा शिबिरांतलं नाही. पण खालच्या ओळीत आलं होतं, 'नमुना चांगला. जनावरांच्या सहवासाची खूण ठळक.'

हात्तिच्या! आमच्या नदीकाठच्या गावांत पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा काय काढतात? जनावरं. माणसं छपरावर बसतील, पण म्हैस दोन दिवस आधीच ट्रकात चढलेली असते. आणि गरिबाच्या घरात म्हैस निराळ्या गोठ्यात नसतेच, उंबऱ्याच्या आत एका बाजूला ती, एका बाजूला चूल. जाड कातडी, दाट केस, तिला कोण साबण लावतंय? घरची खूण तिच्या अंगावर महिनाभर हलत नाही. पोरगीचं माणूस यादीत नसेल, तिची म्हैस असेल.

साखर कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी होती. जेवणाच्या सुट्टीत यंत्र पिशवीत घालून ट्रॅक्टरवर बसून गेले. त्रिशलाला सांगितलं, काड्या आणायला चाललेय. बोटीतल्या त्या तीन गावांची जनावरं अडतीस होती. जनावरांचे डॉक्टर अत्तार मला म्हशींच्या मानेमागं काड्या फिरवताना बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मावशी, म्हशीचं स्थळ बघायला आलाय काय?"

"डॉक्टर, थट्टा नंतर. ही दावणीची पलीकडची रांग कुणाची?"

"आळसुंद गावची. लाथ मारतीया ती तिसरी, सांभाळून."

एकेकीला दोन मिनिटं. बारा. चोवीस. आठ. पंधरा. खरं सांगू? प्रत्येक लहान आकड्याला मला सुटल्यासारखं वाटत होतं. अडतीसच्या अडतीस होऊ देत, मग मी मोकळी, मग माझ्या लेकीची ती. लाथ मारणारी ती तिसरी म्हैस एकतिसावी निघाली. काडी फिरवताना तिनं मान वळवून माझा हात हुंगला. सत्त्याऐंशी.

अत्तारांनी कानातला बिल्ला वाचला, फोनवर नाव काढलं. मालक : बसाप्पा कांबळे, आळसुंद. नंबर लागेना. मग गावच्या पोलीस पाटलांना लावला. ते म्हणाले, "बसाप्पाला ताप भरलाय, पलीकडं कर्नाटकातल्या छावणीत पडून हाय. बायको लगमव्वा तिथंच. सोमवारी बोटीत त्या दोघांनाच जागा मिळाली, पोर शेजारच्या म्हाताऱ्याजवळ ऱ्हायलं. पोर हरवलंय म्हणून चार दिस अन्न न्हाई तिच्या पोटात. बाई, तुम्ही कोण बोलताय?"

मी फोन ठेवला. कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन बसले. हे फक्त मला आणि अत्तारांना माहीत होतं, आणि त्यांना पोरगीचं काहीच ठाऊक नव्हतं. उठून गेले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. लगमव्वा दोन-चार वर्षांनी रडायची थांबली असती. तिला दुसरं झालं असतं. हे सगळं मी मनात म्हटलं, देवाशपथ म्हटलं. मग वाटलं, त्रिशलाला अकरा वर्षांत एकदा तरी रडायचं थांबलेलं बघितलं का मी? आणि तिचं तर हरवलंही नव्हतं कधी काही.

पोलीस पाटलांना परत फोन लावला.

शुक्रवारी सकाळी अकराला ट्रक आला. त्रिशलाला मी सांगितलं नव्हतं. तेवढी हिंमत झाली नाही, ते माझ्या पदरातलं दुसरं पाप. फाटकातनं एक काटकुळी बाई पळत आली, पायात चप्पल नाही, पोलक्याचा पुढचा भाग दुधानं ओला झालेला. व्हरांड्यात त्रिशला पोरगीला खेळवत होती. ती बाई थबकली, आणि तिच्या गळ्यातनं जो आवाज निघाला तो माझ्यानं सांगवत नाही.

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. "तू बोलावलंस?"

साहेब पुढं आले. "थांबा, थांबा. असं कुणालाही देता येत नाही. मावशी, पुसणी घ्या."

मी घेतली. लगमव्वा पाच दिवस चारशे माणसांत झोपलेली, छावणीच्या साबणानं न्हालेली. आकडा आला सहा. आणि त्रिशलाचा त्र्याण्णव झाला होता. लगमव्वानं हात पुढं केले तर पोरगी तिच्याकडं टकामका बघत राहिली, नाक उडवलं आणि वळून त्रिशलाच्या मानेत तोंड खुपसलं. आईचा वासच आईला राहिला नव्हता.

"बघा," साहेब म्हणाले, "पोरसुद्धा ओळखत नाही. बाई, तुमची काहीतरी चूक होतेय."

"माझी हाय ओ ती," लगमव्वा म्हणाली. "अवक्का नाव हाय तिचं." ओरडली नाही. ओरडायची ताकदच नव्हती.

"चूक तिची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "पुसणीआधी अंघोळ मी घातली. दुसऱ्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. त्रिशलाला मूल नाही साहेब, कधीच झालेलं नाही. करदोड्याची पुसणी आणि हिच्या म्हशीची पुसणी जुळलीय, हा बघा आकडा. बिल्ल्यावर हिच्या नवऱ्याचं नाव आहे. अत्तार डॉक्टर साक्षीला आहेत."

साहेबांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, काय बोलताय कळतंय का? लेखी दिलंत तर नोकरी जाईल. आणि तुमच्या पुसणीवर घरी गेलेली एकशे साठ मुलं? सगळी परत तपासावी लागतील."

"तपासा. दुसरीकडं कुठं अशी चूक केलेली नाही. पण माझ्या शब्दावर विसंबू नका, तपासाच."

कागदावर लिहून दिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. आता पोरगी घ्यायची राहिली होती. साहेब उभे, शिपाई उभा, अर्धं शिबिर उभं, पण कुणाचा हात पुढं होईना. मग मीच गेले.

"त्रिशा, दे."

"नाही."

"बाळा, तिचं दूध बघ."

"बघितलं!" ती ओरडली. "मला दिसतंय. मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण तू मला आधी सांगितलं नाहीस. काल सांगितलं असतंस तर मी काल रडले असते. सगळ्या गावासमोर घ्यायला आलीस माझ्याकडनं!"

खरं होतं तिचं. अक्षरन् अक्षर खरं होतं. मी तिची बोटं एकेक सोडवली, लहानपणी तिच्या मुठीतनं माती काढायचे तशी, आणि पोरगी लगमव्वाच्या हातात दिली. पोरगी जिवाच्या आकांतानं रडायला लागली. छातीला धरली तर तोंड फिरवी. एकदा, दोनदा, तीनदा. लगमव्वाचं दूध तसंच वाहत होतं आणि पोर घेत नव्हतं. त्रिशला भिंतीकडं तोंड करून कानावर हात ठेवून उभी होती.

लगमव्वा तिच्याजवळ गेली. ओल्या हातानं तिचा खांदा धरला.

"अक्का, मला लागंना ही. तुझ्या वासाला लागलीया. दोन दिस चल की गं माझ्याबरोबर. तू मांडीवर घे, मी पाजते."

त्रिशला वळली. त्या बाईच्या ओल्या पोलक्याकडं बघितलं, लालेलाल झालेल्या पोरीकडं बघितलं. व्हरांड्यातच खाली बसली आणि हात पसरले. पोरगी तिच्या मांडीवर गप्प झाली. लगमव्वा तिला खेटून बसली, अगदी अंगाला अंग लावून, आणि तशीच पोरीला छातीला लावली. मिनिटभर काही झालं नाही. मग चुटुचुटू आवाज यायला लागला. आक्काताई पदरानं डोळे पुसत आत पळाली.

ट्रक निघाला तेव्हा त्रिशला मागं बसलेली होती, माझी वाकळ मांडीवर घेऊन. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भरतेशला सांग, दोन दिवसांनी येते." मला 'आई' म्हणून हाक मारली नाही.

याला आता तेरा दिवस झाले. यंत्र माझ्याकडनं काढून घेतलं, चौकशी सोमवारी आहे. एकशे साठपैकी एकशे एकोणतीस मुलं तपासून झाली, सगळी आपल्याच घरात आहेत. उरलेल्या एकतीस जणांची वाट बघत मला धड बसवत नाही आणि उभं राहवत नाही. त्रिशलाला रोज सकाळी फोन करते, ती उचलत नाही. काल पहिल्यांदा कोणीतरी उचलला. लगमव्वा होती. पाठीमागं फावड्याचा आवाज येत होता.

"मावशी, पाणी उतरलं आमच्यात. कमरेएवढा गाळ हाय घरात. तुमची लेक सकाळधरनं गाळ उपसतीया, बस म्हटलं तर ऐकंना."

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"पाठीला बांधलीया की तिनं," लगमव्वा म्हणाली. "झोपलीया. थांबा, देते तिला."

फोन कोणीतरी हातात घेतला. पलीकडनं दमलेला श्वास ऐकू येत होता, नुसता श्वास.

"आई," ती म्हणाली, "येताना दोन फावडी घेऊन ये."